डार्क स्टोअरचं शटर खाली येतं तेव्हा: ऑनलाइन किराण्यातल्या नोकऱ्या आणि आपल्या धंद्याचा धडा



आपण नेहमी दुकान कसं उघडायचं, माल कुठून भरायचा, उधारी कशी आवरायची यावर बोलतो. आज बंद होणाऱ्या जागांवर बोलायचं आहे. ऑनलाइन किराणा पोहोचवणारी कंपनी शहरात एखादी जागा घेते, तिथे पोरं कामाला लावते, आजूबाजूला टेम्पोवाले, भाजीवाले, चहावाले जोडले जातात. आणि एक दिवस निरोप येतो की ही जागा बंद. कंपनी चालू राहते, ॲप चालू राहतं, त्या जागेवरची कामं मात्र जातात.

"हे पुण्या-मुंबईचं झालं, निमोण्यात बसून आम्हाला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. पण आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यातली कितीतरी मुलं आज वाघोली, खराडी, हडपसर भागात खोली करून राहतात आणि डिलिव्हरी किंवा गोदामाच्या कामावर घर चालवतात. शिवाय मला तीन प्रश्न सतत येतात:

१. दादा, या कंपन्यांना थेट भाजीपाला पुरवायला लागू का?
२. कर्ज काढून टेम्पो घेतो आणि कंपनीला लावतो, चालेल का?
३. गोदामातली नोकरी गेली, हातात थोडे पैसे आहेत, दुकान टाकू का?

तिन्ही प्रश्नांत घरचा पैसा पणाला लागतो. म्हणून उत्तर देण्याआधी जागा बंद का पडते हे नीट समजून घेऊ. व्हिडिओत आकडे पटपट पुढे जातात, इथे वही-पेन घेऊन बसा.

आधी शब्द समजून घेऊ

डार्क स्टोअर म्हणजे गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसलेलं दुकान. रॅकवर माल लावलेला असतो. ॲपवर ऑर्डर आली की एक जण पिशवी घेऊन माल उचलतो, दुसरा पॅक करतो, बाहेर उभा असलेला रायडर घेऊन निघतो. अशी जागा दोन-तीन किलोमीटरच्या परिघातच माल पुरवते, म्हणून शहरात ठिकठिकाणी लागते.

याच्यावर मोठं गोदाम असतं. तिथून डार्क स्टोअरला माल जातो, किंवा दुसऱ्या दिवशीची ऑर्डर थेट घरी जाते. या लेखात "जागा" म्हटलं की दोन्ही समजा.

हे कुठे कुठे घडलंय?

लांब जायला नको, आपल्या आसपासची उदाहरणं बघू.

मुंबई. लोकलबनिया ही मुंबईतली ऑनलाइन किराण्याची कंपनी २०१२ च्या सुमारास सुरू झाली. २०१५ च्या अखेरीस तिचं काम थांबलं.

नाशिक. ग्रोफर्स कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये एकदम नऊ शहरांतली सेवा बंद केली. त्यात आपलं नाशिक होतं, शिवाय भोपाळ, राजकोट, कोची, म्हैसूर अशी शहरं होती. गंमत बघा, हीच कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये ब्लिंकिट झाली, २०२२ मध्ये झोमॅटोने घेतली आणि आज देशभर पसरली आहे. म्हणजे २०१६ मध्ये कंपनी बुडाली नव्हती. तिने फक्त काही जागांचा हिशेब मिटवला होता.

पुणे. सकाळी दूध आणि किराणा दारात ठेवणारी सुपरडेली ही सेवा स्विगीच्या मालकीची होती. मे २०२२ मध्ये तिने पुणे, मुंबई, दिल्ली परिसर, हैदराबाद आणि चेन्नई या पाचही ठिकाणचं काम थांबवलं आणि फक्त बंगळुरू ठेवलं.

पुन्हा पुणे. डन्झो बंगळुरूची, पण पुण्यातही तिचं काम होतं. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यात २० कोटी डॉलर घातले. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, पैसा आटला, डार्क स्टोअर बंद झाली, नोकरकपात झाली, पगार लांबले. जानेवारी २०२५ मध्ये तर ॲपच बंद झालं.

बेळगाव. डीमार्ट ही काटकसरीने, नफ्यात धंदा करणारी कंपनी म्हणून ओळखली जाते. तिच्या डीमार्ट रेडी या ऑनलाइन सेवेने २०२५ मध्ये पाच शहरांतलं काम बंद केलं. त्यात बेळगाव आहे, सोबत अमृतसर, भिलाई, चंदीगड आणि गाझियाबाद. त्याच वेळी, चालू असलेल्या शहरांत नवी वितरण केंद्रं मात्र वाढवली.

परदेशातही हेच. अमेरिकेतल्या वेबव्हॅनने १९९९ मध्ये ऑनलाइन किराणा सुरू केला, अवाढव्य गोदामं बांधायला घेतली आणि जुलै २००१ मध्ये दिवाळं काढलं. जवळपास २,००० लोकांची नोकरी गेली. तुर्कस्तानच्या गेतीर कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेतून काढता पाय घेतला, त्यात हजारो नोकऱ्या गेल्या.

या यादीत पैसेवाल्या कंपन्या आहेत, हुशार संस्थापक आहेत, नफ्यातली डीमार्टसुद्धा आहे. तरी जागा बंद झाल्या. मग कारण काय?

एका ऑर्डरचा हिशेब

कारण एका ऑर्डरमध्ये लपलेलं असतं. खालचे आकडे मी शिकवण्यासाठी धरलेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. पद्धत महत्त्वाची.

समजा एक ऑर्डर ५०० रुपयांची आहे.

- मालावर २० टक्के सुटतात: १०० रुपये
- डिलिव्हरी चार्ज आणि ब्रँडच्या जाहिरातीतून: २० रुपये
- एकूण हातात: १२० रुपये

आता त्या ऑर्डरमागे जाणारा खर्च:

- रायडर: ४५ रुपये
- पिशवी आणि पॅकिंग: १० रुपये
- पेमेंट आणि तक्रारी: १० रुपये
- सूट, खराब माल, तूट: १५ रुपये
- एकूण खर्च: ८० रुपये

उरले ४० रुपये. पण हा नफा नव्हे. यातून जागेचा महिन्याचा ठरलेला खर्च निघायचा आहे:

- भाडं: २,५०,०००
- तिथल्या माणसांचे पगार: ५,००,०००
- लाइटबिल, फ्रीज, कोल्डरूम: १,५०,०००
- इतर: १,००,०००
- एकूण: १०,००,००० रुपये

दहा लाखांना चाळीसने भागा. महिन्याला २५,००० ऑर्डर, म्हणजे रोज साधारण ८३३. एवढ्या आल्या तर ती जागा ना नफा ना तोटा.

रोज ५०० च आल्या तर? महिन्याच्या १५,००० ऑर्डर, गुणिले ४०, म्हणजे सहा लाख. दर महिन्याला चार लाखांची खोट.

आता खरी गोम. ऑर्डर ५०० ऐवजी ४०० रुपयांची झाली असं धरा. मालावर सुटले ८०, वरचे २०, एकूण १००. खर्च तोच ८०, कारण रायडरला पिशवीत काय आहे त्याने फरक पडत नाही, त्याला अंतर तेवढंच. उरले फक्त २० रुपये. आता रोज ८३३ नाही, जवळपास १,६६७ ऑर्डर लागतील. पिशवीत शंभर रुपयांचा माल कमी झाला आणि लागणाऱ्या ऑर्डर दुप्पट झाल्या.

म्हणून दुधाची एक पिशवी दारात ठेवणाऱ्या सेवा इतक्या अवघड जातात. दुधाच्या पिशवीवर सुटतात मोजकेच रुपये, आणि पोराला जिना तेवढाच चढायचा असतो.

नवी जागा पहिल्या दिवसापासून कधीच भरत नाही. कंपनी गुंतवणूकदाराच्या पैशावर काही महिने तोटा सोसते आणि ऑर्डर वाढण्याची वाट बघते. वाढल्या तर जागा टिकते. वाढल्या नाहीत, शेजारी दुसऱ्या कंपनीने जागा उघडली, किंवा गुंतवणूकदाराने हात आखडला, तर लॅपटॉपवर एक यादी तयार होते. त्या यादीत तुमच्या जागेचं नाव असतं.

आतल्या पोरांनी काम चांगलं केलं की वाईट, याचा त्या यादीशी बऱ्याचदा काही संबंध नसतो. हे लक्षात ठेवा. नोकरी गेलेला मुलगा गावात आला की लोक विचारतात, "काय रे, काय केलंस?" त्याने काहीही केलेलं नसतं. तो ज्या जागेवर उभा होता तिथे ८३३ चा आकडा आलाच नाही, एवढंच.

नोकरी नक्की कुणाची जाते?

जागा बंद होते तेव्हा फटका तीन थरांत बसतो.

पहिला थर, पगारी माणसं. स्टोअर मॅनेजर, शिफ्टचा मुख्य, माल उतरवून घेणारा, रॅक लावणारा, ऑर्डर उचलणारा, पॅकर, वॉचमन. यातले बरेच जण कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या पटावर असतात. त्यांना "दुसऱ्या जागेवर जा" असं सांगितलं जातं. वाघोलीत खोली घेतलेल्या मुलाला पिंपरी-चिंचवडची जागा मिळाली तर पेट्रोल आणि वेळ यातच पगार संपतो. कागदावर ती बदली, प्रत्यक्षात नोकरी गेलेलीच.

दुसरा थर, रायडर. यांना कंपनी भागीदार म्हणते. त्यांचा पगार नसतो, फेरीमागे पैसे असतात. त्यामुळे नोकरकपातीच्या बातमीत त्यांचा आकडा दिसतच नाही. ॲपवर ऑर्डर कमी होतात आणि गाडीचा हप्ता तसाच राहतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आहे, २०२९-३० पर्यंत तो २ कोटी ३५ लाखांवर जाईल असंही म्हटलं आहे. म्हणजे हा थर दिवसेंदिवस जाड होणार आहे.

तिसरा थर, ज्यांची गणना कुणीच करत नाही. भाजी पुरवणारा, टेम्पोवाला, पोरांना डबा देणाऱ्या मावशी, समोरचा चहावाला, पंक्चरवाला, खोलीमालक, गाळामालक. यांना नोटीस येत नाही. यांना एके दिवशी शटर खाली दिसतं. आणि मित्रांनो, उद्योजक म्हणून तुम्ही-आम्ही याच तिसऱ्या थरात येतो.

आपल्या भागाला हे नवीन नाही

न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्याचं गाळप काही हंगाम बंद राहिलं. कामगारांचे पगार अडकले हे सगळ्यांनी पाहिलं, पण त्यासोबत बैलगाडीचं सामान विकणारा, हॉटेलवाला, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, हंगामात किराणा उधार देणारा दुकानदार, सगळ्यांचं चक्र मंदावलं. धुराडं पेटलं की बाजार हलतो, धुराडं थंड की बाजार थंड.

डार्क स्टोअरचं तसंच आहे, फक्त त्याला धुराडं नाही म्हणून लांबून दिसत नाही. आणि एक मोठा फरक आहे. कारखाना उभा राहायला आणि बंद पडायला वर्षं लागतात, त्यामुळे लोकांना अंदाज येतो. डार्क स्टोअर म्हणजे भाड्याचा गाळा आणि नटबोल्टचे रॅक. आठवड्यात उचलून नेता येतात. जे पटकन उभं राहतं ते पटकन उठतंही.

आता तीन प्रश्नांची उत्तरं

प्रश्न पहिला: कंपनीला भाजीपाला पुरवू का?

पुरवा, पण हिशेबाने. मोठी कंपनी चांगलं गिऱ्हाईक आहे. वजन चोख, पैसे खात्यात, प्रतवारीची सवय लागते. अडचण तेव्हा येते, जेव्हा तुमचा सगळा माल एकाच दारात जातो. मी माझ्या विद्यार्थ्यांना एक तिसऱ्या हिश्श्याचा नियम देतो: कुठल्याही एका गिऱ्हाइकाकडे तुमच्या विक्रीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. उरलेला माल शिरूरच्या बाजारात, दोन-चार हॉटेलांना, कारेगाव-रांजणगावच्या खानावळींना, आठवडी बाजाराला. भाव थोडा कमी मिळेल. ती कमी तुमच्या विम्याचा हप्ता समजा.

दुसरी गोष्ट, बिल किती दिवसांनी येतं ते बघा. रोज १०,००० चा माल देता आणि पैसे १५ दिवसांनी येतात, तर कुठल्याही दिवशी तुमचे दीड लाख रुपये त्यांच्याकडे अडकलेले असतात. जागा बंद झाली तर पहिला प्रश्न हाच: ते दीड लाख कधी? म्हणून मुदत सात दिवसांवर आणायचा आग्रह धरा आणि थकबाकी एका ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की माल थांबवा. नातं खराब होईल असं वाटतं, पण ठाम माणसाला व्यापारात मान मिळतो.

प्रश्न दुसरा: कर्जावर टेम्पो घेऊन कंपनीला लावू का?

एकच कसोटी. कंपनीचं काम उद्या थांबलं, तर याच टेम्पोचा हप्ता दुसऱ्या कामातून निघतो का? कागदावर लिहा. कांद्याची वाहतूक किती फेऱ्या, लग्नसराईत मंडपाचं सामान किती, एमआयडीसीतलं किरकोळ काम किती. या बेरजेतून हप्ता आणि डिझेल निघत असेल तर घ्या, कंपनीचं काम म्हणजे मग वरची साय. बेरजेतून हप्ता निघत नसेल, तर तुम्ही टेम्पो घेत नाही आहात. एका जागेच्या ऑर्डरवर पैज लावताय, आणि त्या ऑर्डर किती येतात हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

हाच नियम वाघोलीत गाळे काढून भाड्याने देणाऱ्यांना. कोल्डरूमसाठी जादा वीजभार, शेड, फरशी हा खर्च तुमच्या खिशातून करणार असाल, तर तो किती महिन्यांच्या भाड्यात वसूल होतो ते काढा. तेवढे महिने भाडेकरूने जागा सोडायची नाही असं करारात लिहून घ्या, अनामत त्या मानाने घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे. ओळखीवर चावी देऊ नका.

प्रश्न तिसरा: नोकरी गेली, दुकान टाकू का?

लगेच नाही. आधी पहिला महिना सांभाळा.

- नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिप, ओळखपत्राचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट एका फाइलमध्ये घ्या. ॲपमधला कमाईचा तपशील लॉगिन बंद होण्याआधी डाउनलोड करा.
- नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर, अगदी जागा बंद झाल्यानेसुद्धा, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. ठेकेदार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाला तर हे लक्षात ठेवा.
- सलग एक वर्ष काम झालेल्या कामगाराला कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई मिळण्याची तरतूद आहे. मिळत नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या.
- पीएफचा यूएएन नंबर जपून ठेवा. गरज नसेल तर पीएफ मोडू नका.
- ईएसआयसी कापली जात होती का बघा. काम गेलेल्या विमाधारकासाठी त्यांची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. अटी पूर्ण होत असतील तर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत.
- रायडर असाल तर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची पहिल्यांदा व्याख्या झाली आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. ज्याची नोंद, त्यालाच लाभ.

हे झालं की हातातल्या पैशांचे तीन भाग करा. पहिला भाग घरखर्चाचा, निदान चार महिन्यांचा. दुसरा हप्त्यांचा. तिसरा धंद्याचा. तिसऱ्या भागात काही उरत नसेल तर आत्ता दुकान टाकू नका. काम शोधा, धंदा बाजूला छोट्या प्रमाणात सुरू करा.

आणि एक सांगतो. डार्क स्टोअरमध्ये काम केलेल्या मुलाकडे फार मोलाची शिदोरी असते, त्यालाच ते माहीत नसतं. कुठला माल किती दिवसांत संपतो, एक्सपायरी जवळ आलेला माल पुढे कसा लावायचा, रॅकला नंबर देऊन वस्तू क्षणात कशी सापडते, रोज थोडा थोडा साठा मोजून तूट कशी पकडायची. गावातल्या दहा दुकानदारांपैकी किती जण हे करतात? आधी एखाद्या चालू दुकानात हे सगळं लावून द्या. पगार मिळेल आणि दुकानाची खाचखळगी दुसऱ्याच्या भांडवलावर कळतील.

गावात होम डिलिव्हरी करायची असेल तर

आता तोच ऑर्डरचा हिशेब आपल्या दुकानाला लावू. इथेही आकडे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

ऑर्डर ६०० रुपयांची, सुटतात १२ टक्के, म्हणजे ७२ रुपये. यातले निम्मे दुकानाच्या खर्चाला सोडा, उरले ३६. पेट्रोल आणि पिशवीचे १५ गेले, उरले २१. डिलिव्हरीला मुलगा ठेवला, पगार १०,५००. भागा २१ ने: महिन्याला ५०० ऑर्डर, रोज जवळपास १७. निमोण्यासारख्या गावात रोज १७ घरपोच ऑर्डर येतात का? पहिल्या वर्षी नाही येणार. मग त्या मुलाला तीन महिन्यांनी घरी पाठवावं लागेल. मोठ्या कंपनीने पुण्यात केलं तेच आपण गावात केलं असं होईल.

दुसरी रीत बघा. "लगेच आणून देतो" असं म्हणायचंच नाही. दुपारी चारपर्यंत व्हॉट्सॲपवर यादी घ्यायची, संध्याकाळी एक फेरी मारायची. आज शिंदोडीच्या बाजूच्या वस्त्या, उद्या गुनाटच्या बाजूच्या. एका फेरीत आठ ऑर्डर, पेट्रोल ४० रुपये. म्हणजे ऑर्डरमागे पाच, पिशवीचे तीन. उरले २८. आठ ऑर्डरचे २२४ रुपये, आणि पगारी माणसाचं ओझं नाही. ४०० रुपयांच्या खाली ऑर्डर असेल तर नम्रपणे सांगायचं, "काकी, अजून काही लागतंय का बघा, एकदमच आणतो." काकी तेल किंवा साखर वाढवतात, आपली पिशवी भरते.

दहा मिनिटांत पोहोचवणं हा आपला धंदा नाही. आपला धंदा म्हणजे कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाच्या म्हशी आटल्यात म्हणून दूध विकत लागतंय, कुणाचा पगार सात तारखेला होतो, हे माहीत असणं. पण ओळखीच्या भरवशावर हिशेब सोडू नका. ओळखीनं गिऱ्हाईक येतं, हिशेबानं दुकान टिकतं.

माणूस कामावर ठेवण्याआधी

शेवटचा मुद्दा आपल्यालाच लागू आहे. उद्या तुमच्याकडे दोन-तीन पोरं कामाला असतील. तेव्हा तुमची जागा म्हणजे त्यांचं घर चालण्याची जागा. म्हणून मालक म्हणून तीन सवयी लावा.

एक, नवीन शाखा उघडताना ती किती महिने तोटा खाईल ते आधी लिहा आणि तेवढा पैसा वेगळा काढा. पैसा संपायच्या आधी थांबायचा दिवसही ठरवा.

दोन, कामगारांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. शाखा बंद करायची वेळ आली तर त्यांना हिशेब चुकता करून पाठवता येईल. गावात नाव राहतं ते यानेच.

तीन, आकडा लपवू नका. "बाबांनो, रोज ४० ऑर्डर आल्या तर हे काम टिकतं, आत्ता २५ येतायत" असं पोरांना सांगा. आकडा माहीत असलेला मुलगा गिऱ्हाईक आणतो किंवा वेळेत दुसरं काम बघतो. दोन्हींत त्याचं भलं आहे. डार्क स्टोअरमधल्या पोरांना कुणी हा आकडा सांगत नाही, म्हणून त्यांच्यावर वीज कोसळल्यासारखं होतं.

गृहपाठ

१. तुमच्या दुकानाच्या मागच्या ३० बिलांची सरासरी काढा. एका बिलामागे हातात किती उरतात?
२. महिन्याचा ठरलेला खर्च त्या आकड्याने भागा. रोज किती गिऱ्हाइकं लागतात? प्रत्यक्षात किती येतात?
३. तुमच्या विक्रीतला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक किंवा कंपनी कोण? त्यांचा हिस्सा एक तृतीयांशाच्या वर आहे का?
४. ते उद्या थांबले तर तुमचे किती पैसे अडकतील?

दुकान अजून सुरू केलं नसेल तर ओळखीच्या दुकानदारासोबत बसून हेच काढा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं खाली कमेंटमध्ये लिहा, फक्त आकडे, दुकानाचं नाव नको. पुढच्या भागात त्यातली काही उदाहरणं घेऊन कुठला खर्च कमी होतो आणि पिशवी कशी मोठी होते ते बघू.

आणि शहरातून काम सुटून परत आलेला एखादा मुलगा तुमच्या ओळखीत असेल, तर हा लेख त्याला पाठवा. सोबत एवढंच सांगा की तुझं काही चुकलं नाही, त्या जागेचा हिशेब बसला नाही. आता तुझा हिशेब आपण मिळून बसवू.

भेटू पुढच्या भागात.